मावशी आणि बांबूचा कठडा

लॅटिन भाषा माझ्या थोरल्या मावशीइतक्या मोठ्या आवाजात पृथ्वीच्या पाठीवर दुसरं कुणी बोललं असेल असं मला वाटत नाही, खुद्द रोममध्येसुद्धा नाही. रोममध्ये त्या भाषेला भिंती असतात, छप्पर असतं. मावशी ती या बेटावरच्या सुरिनाम गावाजवळच्या उसाच्या मळ्यात, उघड्या आभाळाखाली, हातात कुदळ घेऊन बोलायची. तिचे वडील वेंगुर्ल्याकडच्या एका इगर्जीत घंटा वाजवायचे. तिथे दाराआड उभी राहून तिनं लहानपणी सगळी मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, पाठ केली होती, पाद्रीनं म्हणायचं तेही आणि लोकांनी उत्तर द्यायचं तेही. अर्थ मात्र एका शब्दाचा ठाऊक नव्हता. मी विचारला की म्हणायची, "देवाक कळता मां? मगे तुका कित्याक होयो?"

पाच वर्षांचा करार करून आम्ही मुंबईहून या बेटावर आलो तेव्हा इथली गुलामगिरी सुटून दहा-बारा वर्षं झाली होती. बोटीवर माझी आई गेली, आणि मावशीनं मला पदराखाली घेतलं ते कायमचंच. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं आणि नवरा कधीच वारला होता. मळ्यात बायकांची टोळी उसातलं तण काढायची. मावशीनं पहिल्याच आठवड्यात त्या टोळीला जपमाळ लावली. एक 'आवे मारिया', एक उसाचं बेट. दुसरी 'आवे मारिया', दुसरं बेट. अर्धी प्रार्थना ती म्हणायची, उरलेली अर्धी बायका म्हणायच्या, आणि माळ संपेपर्यंत ओळ साफ झालेली असायची. टोळीत क्रेओल, म्हणजे सुटलेल्या गुलामांच्या घरातल्या, बायका होत्या, त्यांना ही प्रार्थना येत होतीच. पण साताऱ्याकडच्या, रत्नागिरीकडच्या हिंदू बायकासुद्धा तिच्यात मिसळून गेल्या. घरी तुळशीला पाणी घालून यायच्या आणि मळ्यात 'सांता मारिया' म्हणायच्या, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आमचा सरदार, म्हणजे टोळीचा मुकादम, तर खूश होता. काम मागं पडलं की तोच येऊन म्हणायचा, "मावशी, आज जरा दोन माळा व्हऊ द्या." त्यावर मावशी त्याला बजावायची, "देवाचा नाव तुझ्या उसासाठी घेनंय नाय मी," आणि मग दोन माळा म्हणायचीच.

क्रेओल लोक तिला 'मतांत' म्हणत, म्हणजे मावशीच. गोऱ्या मालकालाही तिची धास्ती होती. साखरेच्या गोदामामागे एक पडकी खोपटी होती, ती तिला प्रार्थनेसाठी हवी होती. मालक नाही म्हणाला. तेव्हा तिनं रविवारी वीस-पंचवीस बायका घेतल्या, मालकाच्या व्हरांड्यासमोर गुडघे टेकले आणि अख्खी माळ म्हटली, अगदी त्याच्या जेवणाच्या वेळेला. पुढच्या रविवारी पुन्हा. तिसऱ्या रविवारी मालकानं सूप टाकून खोपटीही दिली आणि शाकारायला पेंढाही दिला. "तेका माझा लॅटिन आवडला," असं ती पुढे कितीतरी वर्षं सांगत असे, आणि ते ती थट्टेनं सांगत नसे.

या खोपटीत तिनं जे राज्य चालवलं त्याला तोड नव्हती. महिन्यातून एकदा घोड्यावरून पाद्री यायचे. त्यांना आम्ही सगळे मोंपेर म्हणायचो. बाकीच्या रविवारी मावशीच पुढे उभी राहायची. सुरुवात लॅटिनमध्ये, मधला उपदेश क्रेओलमध्ये आणि शेवटची खरडपट्टी मराठीत. ज्यांना मराठी येत नव्हतं तेही खाली मान घालून ऐकायचे, कारण आपल्यालाच बोलतेय याची प्रत्येकाला खात्री असायची. वस्तीतल्या मुलींना तिनं कामं वाटून दिली होती. एकीनं घंटी वाजवायची, एकीनं मेणबत्ती धरायची, एकीनं मोंपेरांच्या हातावर पाणी घालायचं. मिस्सा चालू असताना मुलींनी वेदीपाशी जायचं नसतं, बायकांनी तर नाहीच, हा नियम तिला ठाऊक होता. पण पहिले मोंपेर म्हातारे होते आणि त्यांचा उजवा कान गेलेला होता. मावशी काही सांगायला लागली की ते हसून तो उजवा कान तिच्याकडे करायचे. अशा रीतीनं दोघांचं फार छान जमलं होतं.

कॉलऱ्याच्या साली मात्र रस्ते बंद झाले आणि मोंपेर दोन महिने येऊ शकले नाहीत. तेव्हा मावशी कमरेला नारळाच्या करवंटीत पाणी बांधून घरोघर फिरली. मरायला टेकलेल्या तान्ह्या मुलाला पाद्री नसेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, बाईसुद्धा, असा धर्माचा नियम आहे. किती मुलांच्या कपाळावर तिनं पाणी घातलं ते तिनं कधी सांगितलं नाही. एरवी सगळं ओरडून सांगणारी ही बाई त्याबद्दल गप्प असायची. तिची ती करवंटी मी एकदा फेकून द्यायला निघालो, तर तिनं माझ्या हातातून घेतली आणि फळीवर परत ठेवली.

म्हातारे मोंपेर बदलून गेले आणि नवे आले. हे तरुण होते, सडपातळ, गोरेपान, उन्हानं नाकाची सालं निघालेले. फ्रान्सहून नुकतेच उतरले होते आणि नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी घंटीवाल्या मुलीच्या हातातून घंटी काढून घेतली, मुलींना मागे बसवलं आणि वेदीसमोर बांबूचा एक कठडा बांधवून घेतला. उपासना चालू असताना त्याच्या आत बाईनं किंवा मुलीनं पाऊल टाकायचं नाही. मुली रडायला लागल्या. मावशीनं पदर नीट केला आणि विचारलं, "आणि झाडूक?" मोंपेर म्हणाले, झाडायला, फुलं ठेवायला काही हरकत नाही, उपासना नसताना. त्यावर मावशी क्रेओलमध्ये म्हणाली, "म्हणजे झाडू असलो की देव घरात नाय?" मोंपेरांचं नाक आणखी लाल झालं.

दुसरं कुणी असतं तर भांडलं असतं किंवा रुसलं असतं. मावशीनं नियम पाळायचं ठरवलं, आणि तिनं नियम पाळणं हे भांडणापेक्षा भारी होतं. मिस्सा नसतानाही तिनं कठड्याच्या आत पाय टाकणं सोडलं. झाडूला दोन वाव लांब बांबू बांधला आणि बाहेर उभी राहून आतली जमीन झाडायला लागली. मेणबत्त्या पेटवायला उसाच्या कांडाच्या टोकाला वात लावली. एकदा त्या वातीनं वेदीवरच्या कागदी फुलांचा गुच्छ पेटला, तो तिनं बाहेरूनच बादलीभर पाणी मारून विझवला. त्यात संतांचं चित्र भिजलं. मोंपेर म्हणाले, अहो, आत या ना. ती म्हणाली, "नको बाबा, उगीच पाप कित्याक?"

त्याहून मोठी गंमत झाली ती कापडांची. मिस्सेच्या वेळी प्याला पुसायची आणि वेदीवर अंथरायची जी पांढरी कापडं असतात, त्यांना पहिलं पाणी पाद्रीनं दाखवायचं, मगच बायकांनी धुवायची, असाही एक जुना नियम आहे. म्हातारे मोंपेर तो विसरले होते, किंवा तोही त्यांच्या उजव्या कानानं ऐकला असेल. नव्या मोंपेरांना मावशीनं स्वतः त्याची आठवण करून दिली आणि कापडांची टोपली त्यांच्या हातात देऊन त्यांना नदीवर नेलं. मोंपेरांनी जन्मात कधी रुमाल धुतला नसावा. झग्याच्या बाह्या वर करून ते दगडावर उकिडवे बसले. आजूबाजूला धुणं धुणाऱ्या पंधरा बायका होत्या. मावशी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली आणि सांगायला लागली, असं पिळू नका, फाटेल, चेपा, आता पालथं करा, तो कोपरा राहिला. कापड निसटून वाहत निघालं तेव्हा मोंपेर गुडघाभर पाण्यात त्याच्यामागे धावले, पण मावशीनं काही हात पुढे केला नाही. कापड सापडल्यावर मोंपेर पाण्यातच उभे राहून मोठमोठ्यानं हसले. मला तेव्हाच कळायला हवं होतं, की हा माणूस कडक असला तरी ऐकून घेणारा आहे. पण मी चोवीस वर्षांचा होतो, आणि पाद्री म्हटलं की माझे गुडघे आपोआप वाकायचे.

त्याच्या पुढच्या महिन्यातली गोष्ट. मिस्सा संपली होती. मावशी मोंपेरांसाठी मासळीचं कालवण गरम करायला घरी गेली होती. मोंपेरांनी एक वही काढली. आपण नसताना कोणत्या उसाच्या इस्टेटीवर रविवारची प्रार्थना कोण चालवतं, ती नावं त्यांना लिहून न्यायची होती. त्यांनी विचारलं, "इथे कोण?" बायका जमिनीकडे बघायला लागल्या. मुलींना मागे बसवलेलं सगळ्यांना आठवत होतं. आता मावशीचं नाव सांगितलं तर तिलाही मागे बसवतील, कदाचित खोपटीच बंद करतील, असं सगळ्यांच्या मनात आलं, माझ्याही आलं. मी उठून म्हणालो, "मुआ, मोंपेर." मी.

तिला वाचवायला मी खोटं बोललो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो, आणि ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं, की मोंपेरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून 'बों', म्हणजे छान, म्हटलं आणि वहीत माझं नाव लिहिलं, तेव्हा मला बरं वाटलं. आजवर माझं नाव फक्त करारनाम्यावर लिहिलं गेलं होतं. तेवढ्यात मावशी भांडं घेऊन दारात आली. मोंपेर तिला म्हणाले, तुमचा भाचा इथली प्रार्थना चालवतो, चांगलं काम करतो. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, हातातलं भांडं गरम होतं. मग होकार देत म्हणाली, "वी, मोंपेर. मासळी वाढू?"

त्या आठवडाभर तिनं मला लॅटिन शिकवलं. एकदाही 'असं का केलंस' म्हणून विचारलं नाही. मोंपेरांनी बायकांना बंदी केली असणार आणि भाच्यानं प्रसंग निभावून नेला, असा तिनं आपल्यापुरता अर्थ लावला, आणि मी तो लावू दिला. शिकवण्याची तिची तऱ्हा भयंकर होती. संध्याकाळी ती तुरीच्या शेंगा सोलत बसायची आणि मी चुकलो की एकेक दाणा माझ्या कपाळावर मारायची. "मेल्या, देव काय बहिरो असा तुझ्यासारख्या मोंपेरासारखो?" असं म्हणायची. आता म्हातारे मोंपेर बहिरे होते, नवे नव्हते, आणि मी तर मोंपेरच नव्हतो, पण रागावली की तिला असल्या बारीकसारीक गोष्टींशी कर्तव्य नसे. शनिवारपर्यंत अर्धी तूर जमिनीवर आणि अर्धी मिस्सा माझ्या डोक्यात होती.

पहिल्या रविवारी मी माळेतला एक भाग साफ विसरून पुढे गेलो. मागच्या रांगेतून मावशी खोकली. लोक थांबले, मी थांबलो, मागे गेलो आणि नीट म्हटलं. तेव्हापासून मी तिच्या खोकल्यावर चाललो. एकदा खोकला म्हणजे चुकलास, दोनदा म्हणजे हळू, आणि घसा खाकरून लांबलचक म्हणजे आता पुरे, लोकांना भुका लागल्या आहेत. चार-पाच महिने झकास चाललं होतं. पण एकदा तिच्या त्या खोकल्याच्या वेळी मोंपेर ठरल्या दिवसाआधीच येऊन हजर होते. पुढच्या खेपेला त्यांनी पोर्ट लुई शहरातून तिच्यासाठी औषधाची बाटली आणली. बिचारा किती मायेनं घेऊन आला होता. मावशीनं ती बाटली आठ दिवस नेमानं घेतली आणि त्यानंतर खोकणं बंद केलं. मी विचारलं तर म्हणाली, "मोंपेरान औषध दिल्यान, आता बरा नको होऊक?"

मग मळ्यातही ती गप्प झाली. बायका म्हणायच्या, मतांत, सुरू करा. ती म्हणायची, माळ आता भाच्याकडे आहे, एका वस्तीत दोघांनी पुढे होऊन चालत नाही. मी ऊस तोडणाऱ्या पुरुषांच्या टोळीत, दूर दुसऱ्या शेतात. तेव्हा बायकांच्या टोळीत माळ झालीच नाही. सरदार माझ्याकडे येऊन म्हणाला, "तुमच्या मावशीला बरं नाही का? रान कसं सुनं सुनं वाटतंय." हा माणूस जन्मात कधी क्रूसासमोर वाकला नव्हता, पण त्याला ते कळलं. मला कळत होतं तरी मी काही केलं नाही. रविवारी लोक मला वाट करून देत होते, मालक टोपीला हात लावत होता, आणि त्याची मला सवय व्हायला लागली होती.

अशी चार वर्षं गेली. मग नदीपलीकडच्या इस्टेटीवर एका क्रेओल मित्राचं लग्न होतं, म्हणून मी शनिवारी तिकडे गेलो आणि रविवारच्या प्रार्थनेला थांबलो. तिथे पुढे एक म्हातारी उभी होती. पायांत काही नाही, डोक्याला निळा रुमाल, आणि कठड्याच्या अलीकडे उभी राहून ती खणखणीत आवाजात माळ म्हणत होती. मोंपेर आमचेच. योगायोगानं ते त्या दिवशी लग्नासाठी मुक्कामाला होते आणि मिस्सेआधी बाकावर बसून इतरांबरोबर तिला उत्तर देत होते. प्रार्थना संपल्यावर मी त्यांना गाठून विचारलं, बाईनं चालवलेली चालते का? ते म्हणाले, "मिस्सेच्या वेळी वेदीपाशी नाही, ते माझ्या हातात नाही. पण मी नसताना लोकांनी माळ म्हणायची, तर ज्याला येते त्यानं पुढे व्हावं. माझ्या निम्म्या इस्टेटींवर बायकाच आहेत." आणि मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे तूच होतास ना?"

मी खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी डोळे मिटले आणि एवढंच म्हणाले, "कापडं धुताना त्या बाईनं मला माझ्या लॅटिनमधल्या दोन चुका सांगितल्या होत्या. तिला ते कुठून येतं, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं."

घरी आलो तेव्हा मावशी उंबऱ्यात बसून पालेभाजी निवडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. मोंपेरांनी बंदी केलीच नव्हती. त्यांनी फक्त विचारलं होतं, आणि मी तुझ्या जागी माझं नाव दिलं. तिचे हात चालू होते. तिनं देठ वेगळे केले, पानं वेगळी केली. मग म्हणाली, "तुका वाटला माका बाहेर काढतले."

"होय. आणि माका बरा पण वाटला," मी म्हटलं. एवढं तरी खरं बोलायचं मी ठरवून आलो होतो.

तिनं भाजीची टोपली बाजूला सारली. "ता माका दिसत होता," ती म्हणाली. आणि मग अगदी कामाच्या आवाजात, "बरा. येत्या आयतवारी बघूया."

ती बातमी वस्तीत पसरायला अर्धा दिवस लागला. रविवारी खोपटीत पाय ठेवायला जागा नव्हती. मळ्यातल्या हिंदू बायकाही आल्या होत्या, सरदार दाराबाहेर पागोटं काढून उभा होता, आणि मुलींना पुढे बसवलं होतं. मावशीनं धुवट लुगडं नेसलं होतं. ती पुढे आली, कठड्याच्या बरोबर अलीकडे उभी राहिली, तिनं कपाळाला, छातीला हात लावून क्रूसाची खूण केली आणि सुरुवात केली. पहिले तीन-चार शब्द नीट आले. आवाज मात्र लहान होता, तिचा नव्हताच. मग ती थांबली. सगळ्यांना वाटलं, श्वास घेतेय. तिनं पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा त्याच जागी थांबली. ज्या बाईनं अख्खी मिस्सा दाराआडून पाठ केली होती, तिला 'आवे मारिया' पुढे सरकेना. मी मागून शब्द पुटपुटलो. तिनं मान हलवली, म्हणजे शब्द तिला ठाऊक होता. ओठही हलले. पण तिला कुणी हात धरून परत बसवल्यासारखं झालं होतं, आणि तिथून तिला उठता येत नव्हतं. एक मुलगी घाबरून रडायला लागली. तेव्हा मावशी वळली, मला शोधलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सवय गेली रे. तूच म्हण, बाबा."

मी पुढे झालो आणि म्हटलं. लोकांनी उत्तर दिलं. त्यात मावशीचाही आवाज होता. उत्तर देताना तिला एकही शब्द अडला नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी ती तापानं गेली. मी तिला पुन्हा पुढे उभं राहायला कधी सांगितलं नाही आणि तिनंही विषय काढला नाही. आमच्यात काही बिघडलं नव्हतं. ती माझ्यासाठी जेवण झाकून ठेवत होती, माझ्या लग्नात नाचली, माझ्या थोरल्या मुलीला तिनंच पहिलं न्हाऊ घातलं. तिनं मला माफ केलं होतं, यात शंका नाही. तेच मला अजून जड जातं. कठडा मोंपेरांनी बांधला, पण त्याच्या अलीकडची ती एवढीशी जागा तिची होती, आणि ती तिच्याकडून चर्चनं घेतली नाही, पाद्रीनं घेतली नाही, मी घेतली. आता लोक माझी तारीफ करतात, म्हणतात, लॅटिन म्हणावं तर यांनीच. मी मान खाली घालतो. दर रविवारी मी पहिला शब्द म्हणतो आणि पुढचा म्हणण्याआधी मागच्या रांगेकडे कान देऊन जरा थांबतो. लोकांना ती माझी पद्धत वाटते.